बर्फावरची आगोट

जूनच्या पहिल्या आठवड्यात, वारा पडलेला असताना, सकाळच्या उन्हात अमेरिकेतल्या मोनोना तळ्याच्या काठावर उभे राहिले की कमरेइतक्या पाण्याच्या तळाशी फिकट रंगाचे गोल खळगे दिसू लागतात. प्रत्येक खळगा साधारण परातीएवढा असतो. एकाला लागून दुसरा, दुसऱ्याला लागून तिसरा, असे वीस-पंचवीस खळगे एका ठिकाणी असतात आणि प्रत्येकावर तळहाताएवढा एक मासा जागचा न हलता शेपटीने पाणी वारीत असतो. त्याची छाती केशरी, पाठ जवळजवळ काळी, गालाच्या कडेला निळी झाक आणि कल्ल्याच्या टोकाला काजळाचा ठिपका. दुसरा मासा जवळ आला की तो त्याच्या अंगावर धावून जातो, आणि क्षणात परत येऊन आपल्या खळग्यावर उभा राहतो. हा ब्लूगिल नावाच्या गोड्या पाण्यातल्या माशाचा नर. खळगा त्यानेच शेपटीने वाळू उडवून केलेला असतो, आणि मादी अंडी घालून निघून गेल्यावर ती फुटेपर्यंत आणि पिल्ले पोहू लागेपर्यंत राखणही तोच करतो. या दिवसांत गळाला गांडुळाचा तुकडा लावून खळग्यावर सोडला, तर तो भुकेने नव्हे, घरात शिरलेली वस्तू बाहेर काढण्यासाठी तोंडात घेतो. त्यामुळे त्याला पकडण्याइतके सोपे काम या तळ्यावर दुसरे नाही.

विस्कॉन्सिन राज्यातल्या, याच तळ्याकाठच्या मॅडिसन शहरात राहायला आल्यापासून मी हे खळगे दर जूनमध्ये पाहते. पहिली दोन वर्षे मी त्यांच्यावर गळ टाकला. आता टाकत नाही, आणि त्यामागे माशांविषयी मी जे काही शिकले त्याचा बराचसा भाग आहे.

इकडे या माशांना पॅनफिश म्हणतात. अख्खा मासा एका तव्यात बसतो, म्हणून हे नाव. ब्लूगिल, त्याचाच चुलत भाऊ असलेला पंपकिनसीड, दोन प्रकारचे क्रॅपी आणि पिवळा पर्च अशी ही मंडळी. आपल्याकडच्या मंडईतल्या रोहू-कटल्यासारखा तुकड्यांवर विकला जाणारा हा मासा नव्हे. कुटुंबाने दुपारभर काठावर बसून आणावा आणि संध्याकाळी तळावा असा तो घरगुती मासा आहे. विस्कॉन्सिनमध्ये शुक्रवारी तळलेला मासा खाण्याची जुनी प्रथा आहे आणि तिच्यात पर्चला मानाचे स्थान आहे. पण माझ्या जिभेला ब्लूगिलच अधिक गोड लागतो. त्याचे मांस पांढरे, घट्ट आणि कमी चरबीचे असते. पंपकिनसीड ओळखायला कल्ल्याच्या टोकाकडे पाहावे, तिथे तांबडा ठिपका असतो.

माझे माहेर रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यात आहे. गोड्या पाण्यातल्या माशांशी माझी ओळख तिथे वलगणीत झाली. जूनचा पहिला दणकट पाऊस पडून ओढे लाल पाण्याने फुगले की नदीतले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने भाताच्या खाचरांकडे चढू लागतात, त्याला वलगण म्हणतात. रात्री कंदील आणि विजेऱ्या घेऊन माणसे बांधावर उभी राहत. कोणी पागाचे जाळे टाकी, कोणी बांधाच्या तोंडाशी बांबूच्या कामट्यांची खोयण लावी, आणि आम्ही मुले जुन्या धोतराचे फडके दोन टोकांना धरून खवळे, शिंगट्या, शिवडे असे जे मिळेल ते गोळा करीत असू. सकाळी घरात घमेलेभर मासे असत आणि त्यातल्या बहुतेकांची पोटे गाबोळीने टम्म फुगलेली असत. वलगणीचा मासा चविष्ट, असे सगळे म्हणत, आणि तो होताही. तो अंडी घालायला खाचरात चढत होता आणि आम्ही त्याला नेमका वाटेत गाठत होतो, हा विचार तेव्हा कोणाच्या मनाला शिवला नव्हता. मासे इतके होते की तो विचार सुचण्याचे कारणही नव्हते.

त्याच घरात समुद्राच्या माशाविषयी मात्र वेगळी शिस्त होती. मे महिना संपायच्या आत आजी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाची, बेगमी करी. सोडे, सुकट, बोंबील, बांगडे खडखडीत वाळवून डब्यांत भरले जात, कारण पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागत आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय समुद्रात जात नसत. आज सरकारी नियमाने यांत्रिक मासेमारीला 1 जून ते 31 जुलै अशी बंदी असते आणि तिचे कारण माशांचा विणीचा हंगाम असेच सांगितले जाते. आजीला ते कारण कोणी सांगितले नसेल, पण विणीच्या दिवसांत खायचा मासा त्याआधीच घरात असला पाहिजे, ही रीत तिच्या हातात होती. मॅडिसनच्या तळ्यावर मला उपयोगी पडली ती ही रीत.

खळग्यावरचा मोठा नर काढून नेला तर काय होते, हे समजायला मला वेळ लागला. एक मासा कमी होतो, इतकेच नव्हे. राखणदार उठला की आसपास टपलेले छोटे मासे काही मिनिटांत अंड्यांचा फडशा पाडतात. दुसरा परिणाम अधिक खोल आणि सावकाश होणारा आहे. ब्लूगिलच्या काही नरांना खळगा करण्याचे बळ नसते. ते लहानपणीच वयात येतात आणि मोठ्या नराची नजर चुकवून दुसऱ्याच्या घरट्यात घुसून आपला वंश वाढवतात. मोठे नर हजर असले की बाकीचे तरुण नर वयात येण्याची घाई करीत नाहीत, आधी अंगाने वाढतात. मोठे नर वर्षानुवर्षे उचलले गेले, तर लहान नर लवकर वयात येतात, खाल्लेले अन्न वाढीऐवजी विणीवर खर्च होते आणि पुढे तळ्यात बोटाएवढ्या ब्लूगिलचीच दाटी होते. काठावरची माणसे मग म्हणतात, की या तळ्यातले मासे खुरटले. मासे खुरटत नाहीत. मोठे होण्याचे कारण आपण त्यांच्याकडून काढून घेतलेले असते.

राज्याने पॅनफिश पकडण्याची माणशी दिवसाची मर्यादा 1998 साली 50 वरून 25 माशांवर आणली, आणि 2016 पासून काही निवडक तळ्यांवर त्याहूनही कडक मर्यादा लावून पाहिल्या. काही ठिकाणी त्या विणीच्या महिन्यांपुरत्या होत्या. मर्यादा नुसत्या पकडण्याची नाही, ताब्यात बाळगण्याचीही आहे, आणि ती दिवसाच्या मर्यादेच्या दुप्पट आहे. हे वाचले तेव्हा मला प्रथमच जाणवले की नियम तळ्याच्या काठावर थांबत नाही, तो माझ्या फ्रीझरपर्यंत येतो. मला ते योग्य वाटते.

म्हणून आमच्या घरचे मासे आता हिवाळ्यात येतात. मोनोना तळ्याचा शहराकडचा उथळ कोपरा लवकर गोठतो आणि तिथल्या बर्फावर लाकडी स्टुले, ढकलगाड्या आणि छोटे तंबू घेऊन माणसे बसलेली असतात. स्वच्छ, काचेसारखा बर्फ निदान चार इंच जाड असल्याशिवाय पाय ठेवायचा नाही, हा पहिला धडा. पांढऱ्या, भुसभुशीत बर्फाला ते मापही पुरत नाही. हाताने फिरवायच्या मोठ्या गिरमिटाने वीतभर रुंदीचे भोक पाडायचे, झाऱ्याने त्यातला चुरा काढायचा आणि हातभर लांबीच्या काठीला केसासारखी दोरी बांधून मुगाएवढा गळ सोडायचा. गळाला मधमाश्यांच्या पोळ्यात वाढणाऱ्या पतंगाची पांढरी अळी लावतात. ब्लूगिलचे तोंड लहान असते आणि तो घास चावत नाही, पाण्यासह आत ओढतो, आणि खटकले तर तितक्याच वेगाने थुंकतो. थंडीत त्याची ओढ इतकी हलकी असते की काठीच्या टोकाला लावलेली बारीक तार किंचित वाकली, किंवा कधीकधी वाकलेली तार सरळ झाली, यावरूनच ओळखावे लागते. तासन्‌तास त्या तारेकडे पाहत बसण्यात जो निवांतपणा आहे, तो मला दुसऱ्या कोणत्याही कामात मिळालेला नाही.

मासा वर आला की त्याला डोक्याकडून धरून तळवा मागे सरकवायचा, म्हणजे पाठीचे काटे आडवे पडतात. उलट्या दिशेने धरला तर तेच काटे हातात घुसतात. ज्याने चिलापी हाताळली आहे त्याला हे सांगावे लागत नाही. आकाराने मधले, सात-आठ इंचांचे मासे ठेवायचे आणि फार मोठा नर भोकातून परत सोडायचा, हा माझा नियम आहे.

पहिल्या उन्हाळ्यात मी जी चूक केली ती इथे सांगितली पाहिजे, कारण ती बहुतेक नवे लोक करतात. बारा ब्लूगिल मी तळ्याच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवले आणि दुपारभर त्यांना जिवंत समजत राहिले. गावाकडे शिवडा घागरीत रात्रभर जिवंत राहत असे, पण शिवडा पाण्याबाहेरची हवाही घेतो. ब्लूगिलला ते जमत नाही. कोमट पाण्यात प्राणवायू कमी होत गेला, मासे एकेक करून तडफडत मेले आणि घरी पोचेपर्यंत त्यांचे डोळे पांढुरके झाले होते. तळल्यावर ते मांस पिठासारखे भुगा होऊन सुटले. बारा जीव घेतले आणि एकही नीट खाल्ला गेला नाही, याची टोचणी मला अजून आहे. शिवाय इथे जिवंत मासा तळ्यावरून हलवणेच बेकायदा आहे. माशांचा एक घातक विषाणूजन्य रोग एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाऊ नये, म्हणून. जिवंत मासा हलवण्याचे परिणाम किती दूर जातात याचे उदाहरण याच ब्लूगिलचे आहे. 1960 साली शिकागोच्या महापौरांनी जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो यांना हे मासे भेट दिले आणि पुढे ते तिथल्या तळ्यांत इतके माजले की 2007 साली सम्राट म्हणून अकिहितो यांनी त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

आता मासा हातात येताच मी त्याच्या डोक्यावर लाकडी दांडक्याचा एक नेमका घाव घालते, कल्ल्याखालची शीर कापते आणि त्याला चुरलेल्या बर्फात ठेवते. रक्त वाहून गेले की मांस पांढरेशुभ्र राहते. बर्फ वितळून जमणारे पाणी काढून टाकावे लागते, कारण गोड्या पाण्यात फार वेळ भिजलेले मांस लिबलिबीत होते. हिवाळ्यात उलट काळजी घ्यायची. उघड्या बर्फावर टाकलेला मासा गोठून लाकूड होतो, आणि तो घरी वितळवून, साफ करून पुन्हा गोठवला की त्याचा पोत जातो. त्याला झाकणाच्या डब्यात, गार पण न गोठलेला, असाच घरी आणावा.

साफ करण्याची इथली सर्वसाधारण पद्धत म्हणजे दोन्ही बाजूंचे मांस काट्यावेगळे करून कातडी सोलून टाकणे. बरेच लोक त्यासाठी विजेवर चालणारी सुरी वापरतात आणि अर्ध्या तासात दोन डझन मासे संपवतात. मलाही ते येते, पण आठ इंचांच्या माशाची अशी पद्धत मला मानवत नाही. डोक्यामागचे आणि बरगड्यांवरचे मांस फुकट जाते आणि कातडीची कुरकुर हातची जाते. मला हवी असलेली पद्धत मी शिकले ती मासे साफ करण्याच्या ओट्यावर माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका ह्मोंग बाईंकडून. लाओसमधून निर्वासित होऊन आलेल्या ह्मोंग लोकांची विस्कॉन्सिनमध्ये मोठी वस्ती आहे आणि ते आपल्यासारखेच अख्खा मासा खाणारे आहेत. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. माझी सुरीची धडपड पाहून त्यांनी माझ्या हातातला मासा घेतला आणि सावकाश करून दाखवले.

आधी चमच्याच्या कडेने शेपटीकडून डोक्याकडे खवले काढायची. मासा पाण्याखाली धरला तर ती उडत नाहीत. मग पाठीवरच्या काटेरी पराच्या दोन्ही बाजूंनी, डोक्याकडून शेपटीकडे, अर्धा इंच खोल चीर द्यायची आणि पर शेपटीकडच्या टोकाला चिमटीत धरून डोक्याकडे झटक्याने ओढायचा. त्याच्यासोबत मुळाशी असलेल्या काट्यांची अख्खी फणी बाहेर येते आणि खाताना घशात अडकणारे अर्धे काटे तिथेच संपतात. पोटाखालच्या पराचेही तसेच. मी इतकी वर्षे मासे खाल्ले होते, पण ही फणी अशी निघते हे मला कोणी दाखवले नव्हते. त्यानंतर कल्ल्यामागून तिरपी सुरी घालून डोके वेगळे करायचे, पोट चिरून आतडी काढायची आणि पाठीच्या कण्याला चिकटून असलेली काळपट रक्ताची रेघ अंगठ्याच्या नखाने खरवडून काढायची. ही रेघ राहिली तर मासा कितीही ताजा असला तरी कडवट लागतो. पोटाच्या आतला काळसर पापुद्राही काढावा. आजी शेवटी चुलीतल्या राखेने मासा चोळी, म्हणजे बुळबुळ जाई; इथे मी जाड मीठ वापरते, थंड पाण्याने एकदाच धुते आणि फडक्याने कोरडा करते. आतडी आणि खवले तळ्यात टाकायची नाहीत, त्यालाही मनाई आहे.

साठवणीत मासा बिघडवणाऱ्या गोष्टी दोन, हवा आणि हळू गोठणे. हवा लागली की गोठलेल्या मांसातले पाणी वाफ होऊन उडते, पृष्ठभाग पांढरा आणि चिवट होतो आणि असलेली थोडीशी चरबी खवट होते. सावकाश गोठले तर मांसात बर्फाचे मोठे स्फटिक होतात, पेशी फाटतात आणि वितळताना सगळा रस ताटलीत उतरतो. म्हणून जाड गठ्ठा कधी करू नये. मी कोरडे केलेले मासे ताटात सुटे मांडून उणे 18 अंशांना गोठवते, मग एकेक काढून बर्फगार पाण्यात बुडवते. क्षणात त्यावर काचेसारखा पातळ थर धरतो. दोन-तीनदा असे बुडवून पुन्हा गोठवले की प्रत्येक माशाला स्वतःचा बर्फाचा अंगरखा मिळतो. मग चार-चार मासे एका पिशवीत, हवा दाबून काढून, वर तारीख आणि संख्या लिहून ठेवायचे. काहीजण दुधाच्या रिकाम्या खोक्यात मासे घालून वर पाणी ओततात आणि त्याची वीट करतात. तीही चांगली पद्धत आहे, जागा मात्र फार खाते. असा मासा सहा महिने उत्तम राहतो. वितळवायचा तो रात्रभर शीतकपाटात. यंत्राने निर्वात केलेली पिशवी असेल तर ती आधी फोडावी, कारण हवा नसलेल्या जागी एक घातक जिवाणू शीतकपाटाच्या थंडीतही वाढू शकतो.

किती खावे याचाही विचार करावा लागतो. पारा आणि पीएफएएस नावाची सहजी नष्ट न होणारी रसायने इथल्या पाण्यात आहेत. लहान मुले आणि मूल होण्याच्या वयाच्या स्त्रियांनी ब्लूगिलसारखा मासा आठवड्यातून एकदाच खावा, असा राज्याचा सल्ला आहे, आणि मोनोनासाठी काही माशांची मर्यादा त्याहून कमी आहे. पाणी इतके निळे दिसत असताना हा हिशोब ठेवावा लागतो याचे मला मनापासून वाईट वाटते.

गेल्या वर्षी जूनमध्ये आई इथे आली होती. मी तिला खळगे दाखवायला काठावर नेले. ती बराच वेळ वाकून पाहत राहिली आणि मग म्हणाली, "अगो, एवढे मासे पायाशी आणि तू हात हलवत आलीस?" मी तिला नर, अंडी, राखण हे सगळे सांगितले. तिने मध्ये काही विचारले नाही. घरी येताना गाडीत ती एकदम म्हणाली, "वलगणीला आता शिवडा दिसतच नाही. दोन-चार खवळे आले तर आले."

त्या संध्याकाळी मी फेब्रुवारीची एक पिशवी काढली. आईने तारीख वाचली, आणि चार महिन्यांचा मासा म्हटल्यावर तिच्या कपाळाला आठी पडली. वितळलेला मासा तिने नाकाशी नेला, बोटाने दाबून पाहिला. मांस दाबल्या जागी परत उभे राहिले. मग तिने स्वतःच सोबत आणलेले कोकमाचे आगळ माशांना लावले. गोड्या पाण्यातल्या माशाला येणारा चिखलाचा वास पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळामुळे येतो आणि आंबटाने तो मरतो, हे मी कुठेतरी वाचले होते; तिने ते न वाचताच केले. हळद, मीठ, तिखट, तांदळाचे पीठ आणि रवा लावून चारही मासे एकाच तव्यात बसले.

जेवताना तिने पाठीच्या बाजूने काटे शोधले आणि ते सापडेनात तेव्हा मला मासा उलटवून दाखवायला लावला. मी फणी कशी काढतात ते हाताने करून दाखवले. भांडी आवरल्यावर तिने फ्रीझर उघडून पिशव्या मोजल्या.

"चार आहेत," ती म्हणाली. "ते तुझे नर कधी उठतील तिथून?"

"जुलै लागेपर्यंत."

तिने पुढच्या शुक्रवारसाठी एक पिशवी वरच्या कप्प्यात वेगळी ठेवली आणि बाकीच्या तीन पुन्हा खाली, नीट रचून, दार लावून टाकले.